रात्र थोडी, सोंगं फार

रात्रीचे सव्वानऊ. मी शेवटचा भात ताकात कालवत होतो, तेवढ्यात सातवीतल्या कन्येने वही पुढे सरकवली. "बाबा, मास्करेड म्हणजे काय? पाच वाक्यं करायचीयत. प्रत्येकात अर्थ वेगळा हवा. उद्या."

यातला 'उद्या' हा शब्द आमच्या घरात रात्री नऊच्या आत कधीही उच्चारला जात नाही.

मास्करेड मला ऐकून माहीत होता. म्हणजे दुसऱ्या कुणी वापरला असता तर मी समजल्यासारखी मान डोलावली असती. पण वीस वर्षं ऑफिसात इंग्रजी मेल पाडल्यावर पोरीसमोर 'येत नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. "सोप्पंय गं," मी ताक ओरपलं. "मस्करी. मस्करीवरूनच आलाय तो."

"हे सांगतोयस की करतोयस?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मोबाइलचा डेटा दुपारीच संपला होता. वायफायच्या काड्या तिन्हीच्या तिन्ही भरलेल्या, पण नेटचा पत्ता नाही. शेवटी कपाटाच्या डोक्यावरून कॉलेजातला शब्दकोश काढला, धूळ झटकली, चौघांनाही शिंका आल्या. मुखवटे घालून केलेला नाच, सोंग, बतावणी, तोतयेगिरी. एवढ्याशा शब्दात केवढा बाजार!

तोतयेगिरी वाचल्यावर मात्र माझ्यातला पुणेकर जागा झाला. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक इसम उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, कोकणात माणसं जमवून किल्ले घेतले. 1776 मध्ये त्याला पकडून पुण्यात आणलं आणि देहदंड दिला. "लिही," मी म्हणालो, "अ मॅन मास्करेडेड अ‍ॅज भाऊसाहेब. 'अ‍ॅज' विसरू नकोस, त्याच्याशिवाय तोतया उभाच राहत नाही."

"भाऊसाहेब कोण हे मॅडमना कळेल?"

हा प्रश्न वर्मी लागला. पण वाक्य राहिलं.

नाचासाठी मला स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा आठवला. मार्च 1792, स्टॉकहोमच्या ऑपेरात मुखवट्यांचा नाच. राजाने तोंड झाकलं, पण छातीवरचं राजचिन्ह काही काढवेना. त्या चांदणीवरून मारेकऱ्यांनी त्याला बरोबर हेरला आणि मागून गोळी घातली. तेरा दिवसांनी गेला बिचारा. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होळीला तोंडाला काळं फासून येतात, पण खिशाला अध्यक्षपदाचा बिल्ला असतोच. मी त्यांना एकदा ही गोष्ट सांगणार आहे.

मग गाडी सोंगावर आली, आणि इथे मी जरा घसरलो. लहानपणी गावाकडे आमच्या ओट्यावर पोलीस यायचा. विटक्या खाकीला पांढरी शिवण, पायात कॅनव्हासचे बूट, चिकटवलेल्या मिशीचं एक टोक घामाने सुटलेलं. "म्हातारबा, तुमच्या मांजरीनं पाटलाचं दूध चोरलं, वॉरंट आहे!" तो बहुरूपी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी आजोबा पाठ ताठ करून बसायचे, मांजरीच्या वतीने गयावया करायचे आणि सुपातून ज्वारी घालून 'केस' मिटवायचे. ते सोंग. बघणाऱ्याला ठाऊक असतं आणि तोही त्यात सामील असतो. बघणाऱ्याला पत्ता लागू न देता केलं तर ढोंग. इंग्रजांनी दोन्ही एकाच शब्दात कोंबलंय, आणि वर आपल्या पोरांना म्हणतात पाच अर्थ काढा.

"बाबा, पावणेअकरा. तीनच झालीयत."

चौथं तिने माझी मदत न घेता केलं. 'हर अँगर वॉज ओन्ली अ मास्करेड.' तिचा राग निव्वळ दिखाऊ होता. लिहिताना तिने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, ही माहिती चुकीची आहे, पण व्याकरण बरोबर आहे.

पाचव्यासाठी नेटच हवं होतं, म्हणून नेटवाल्या पोराला फोन लावला. तो जेवत होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "काका, आमच्या नव्या माणसाने सेटिंगात हात घातलाय. तुमचा मास्करेडचा रूल उडालाय."

मी खुर्चीत नीट बसलो. "कसला रूल?"

"मास्करेड. घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप धरून तुमची सात डबडी. बाहेर पत्ता एकच. राउटर प्रत्येकाची चिठ्ठी घेतो, वर स्वतःचं नाव टाकून सोडतो. उत्तर आलं की कुणाचं होतं ते त्याच्या लक्षात असतं, ज्याचं त्याला देतो. बाहेरच्याला वाटतं, घरात एकच माणूस."

आमच्या वाड्यातल्या सगळ्यांची पत्रं आजोबांच्या नावावर यायची, अगदी तसं. शब्दकोशात हे नव्हतं. इतक्या स्वच्छ भाषेत तर काहीच नव्हतं.

नेट आल्यावर मी चोरून आणखी एक गोष्ट पाहिली. आपली 'मस्करी' ही अरबी 'मस्खरा', म्हणजे विदूषक, या शब्दावरून फारसीच्या वाटेने आली. आणि मास्करेडमधला मास्कही त्याच मस्खऱ्यापासून निघाला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. सगळ्यांना नाही, पण मला तेवढे पुरेत. मी घरभर जाहीर केलं. एक जण झोपली होती, दुसरी म्हणाली, "ओटा पुसायचा राहिलाय."

वही चार दिवसांनी आली. राजा बरोबर, भाऊसाहेब बरोबर, पोलीस बरोबर, रागाला तर शेजारी छान शेरा. राउटरच्या वाक्यावर लाल फुली.

रविवारी नेटवाला बिलाला आला तेव्हा मी त्याला ती दाखवली. त्याने वही उजेडात धरली, वाक्य दोनदा वाचलं, फुलीवरून अंगठा फिरवला.

"काका," तो म्हणाला, "मॅडमकडे कुणाचं कनेक्शन आहे?"