खूण केली होतीस ना?

गाडी मिसिंग करायला लागली की माणसाला भराभर हितचिंतक फुटतात. आमच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला थंड असताना खोकला आणि गरम झाल्यावर झटके, एवढी लक्षणं ऐकून एकाने छातीठोकपणे सांगितलं, "कचरा आलाय." दुसरा म्हणाला प्लग, तिसरा म्हणाला कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी करंटचा जोर वाढवणारी डबी. मी कुणाचंच मन मोडलं नाही. कार्ब्युरेटर साफ झाला, चारही प्लग नवे आले, कॉइल नवी आली. गाडी खोकतच राहिली, फक्त आता नव्या सामानानिशी.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ठिणगी कुठपर्यंत पोचते ते पाहिलं. कॉइलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसली, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि बायकोला म्हटलं, "मार सेल्फ." तडतड निळी ठिणगी! मग वायर जागेवर बसवून प्लगच्या टोकाशी तोच प्रयोग केला. तिथे पिवळट, मरतुकडी ठिणगी, तीही लहर लागली तर. म्हणजे माल वरून व्यवस्थित निघत होता, मधला वाटप करणारा खात होता.

वाटप करणारा म्हणजे हाच डिस्ट्रिब्युटर. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर याला सेकंदाला १०० ठिणग्या वाटाव्या लागतात, आणि आमच्या गाडीत त्या १-३-४-२ अशाच क्रमाने. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास बॅटरी-कॉइलची ही पद्धत गाड्यांत आणली. आजकाल बहुतेक प्लगांच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, त्यामुळे हे वाटपखातंच बंद झालंय. नव्या गाडीवाल्यांनी पुढचं वाचून नुसतं हसावं.

डिस्ट्रिब्युटरची कॅप, म्हणजे वरचं झाकण, काढून उजेडात तिरपी धरली. आतल्या एका खुंटीपासून शेजारच्या खुंटीपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. केसाएवढी चीर, तिच्यात कार्बन बसलेला, आणि करंटला आयती चोरवाट. नुसत्या कॅपवर भागलं असतं. पण रोटर, म्हणजे ठिणगी वाटत फिरणारा हात, काढून मधला दांडा बोटाने हलवून पाहिला, तर तो पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा डुलायला लागला. पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडतोड करणाऱ्या टोकांमध्ये, ०.४ मिलिमीटरची फट हवी. फट मोजायच्या फिलर गेजची तीच पट्टी दांडा इकडे ढकलला की घट्ट, तिकडे ढकलला की सैल. दांड्याला धरून ठेवणारं बुश झिजलं होतं. आता अख्खा डिस्ट्रिब्युटरच बदलणं आलं.

काम म्हणाल तर काय, कॅपवरच्या पाच वायरी, पॉइंटची एक बारीक वायर, व्हॅक्यूमची नळी आणि एक बोल्ट.

"खूण करून ठेवतोस का? खडू देऊ?" बायकोने विचारलं.

"लक्षात राहतं गं," मी म्हणालो आणि डिस्ट्रिब्युटर वर ओढला. खालचा गिअर तिरप्या दात्यांचा असल्यामुळे बाहेर येता येता रोटरने मान वळवली. कुठून कुठे, ते पाहायचं राहिलं. त्यावर कडी म्हणजे, कुठल्या कुबुद्धीने कोण जाणे, बॅटरी उतरली नाही ना हे बघायला मी सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं आणि जिथे कुठे थांबायचं तिथे थांबलं.

"खूण केली होतीस ना?" खिडकीतून प्रश्न आला. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवरची कायमची खूण शून्यावर आणली. याचा अर्थ पहिला पिस्टन पार वर. रोटर एक नंबरच्या वायरीकडे करून नवा डिस्ट्रिब्युटर घुसवला, तर तो अर्धा इंच वरच अडला. खाली ऑइल पंपाच्या दांड्याची खाच जुळत नव्हती. लांब स्क्रू ड्रायव्हरने ती जरा फिरवली, तेव्हा कुठे महाराज आसनस्थ झाले. वायरी लावल्या, रुबाबात म्हटलं, "मार!"

फाट्!

कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की मी बॉनेटला डोकं आपटून घेतलं. गोम अशी की डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होईपर्यंत इंजिनाच्या दोन होतात. म्हणजे पुलीची खूण दोनदा शून्यावर येते, एकदा पेट घ्यायच्या वेळी आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. मी बरोबर दुसरी वेळ गाठली होती. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा, आतली हवा अंगठा उडवायला लागली की ती खरी वेळ. हे मला माहीत होतं, पण अंगठा काळा होईल म्हणून मी ते टाळलं होतं. एव्हाना दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

पुन्हा सगळं वर, रोटर अर्धा फेरा उलटा, पुन्हा खाली. या वेळी पहिल्या हाकेला इंजिन लागलं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, ठिणगीच्या तालावर लुकलुकणारा टायमिंग लाइट पुलीवर रोखला. गरगर फिरणारी खूण त्या लुकलुकत्या उजेडात एका जागी थिजल्यासारखी दिसते. बॉडी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवली, खूण हव्या त्या आकड्यासमोर आली आणि बोल्ट आवळला. इंजिन इतकं शांत चालायला लागलं की बायकोने चालू गाडीला पुन्हा सेल्फ मारला.

परवा फ्यूज बदलायला स्टूलवर चढलो, तर तिने मला आधी खडू दिला, टेस्टर नंतर.