‘कर लावलात तर श्रीमंत दुबईला जातील’ या मेसेजला माझं उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तो मेसेज आला. ‘दरवर्षी हजारो कोट्यधीश भारत सोडून चाललेत. आता अतिश्रीमंतांवर संपत्ती कर लावा, म्हणजे उरलेलेही दुबईला जातील. पैसा जाईल, नोकऱ्या जातील. पूर्वी हा कर होताच, फसला म्हणून सरकारनं काढला.’ खाली बारा-पंधरा अंगठे. मी वीस वर्षं पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. माझ्या रोजच्या कामातलीच ही गोष्ट आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तो कर मी स्वतः हाताळलाय.

संपत्ती कराचा कायदा १९५७ चा. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो रद्द केला, तेव्हा त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी येत होते. हे खरं आहे. पण इतके कमी का येत होते? कारण १९९० च्या दशकात शेअर या करातून वगळले गेले. उरलं काय, तर जादाचं घर, शहरातली मोकळी जमीन, गाड्या, दागिने आणि ५० हजारांवरची रोकड. यांची किंमत ३० लाखांच्या वर गेली की वरच्या रकमेवर १ टक्का.

आमच्याकडे एका घरातून दागिन्यांच्या मूल्यांकनाचा दाखला यायचा. सराफानं एकेक नग तोलून लिहिलेला असायचा : पाटल्या दोन, तोडे दोन, बांगड्या सहा, मोहनमाळ एक. आजींच्या मोहनमाळेवर आम्ही कर काढायचो. त्याच घरातल्या मुलाच्या नावावर कंपनीचे शेअर होते, दागिन्यांच्या कित्येक पट किमतीचे. तक्त्यात त्यांचा रकानाच नव्हता. या देशातल्या खऱ्या श्रीमंतांची श्रीमंती शेअरमध्ये असते आणि कर लागायचा पाटल्यांवर. तो कर श्रीमंत पळाले म्हणून फसला नाही. ते इथेच होते, त्यांची संपत्ती कायद्यानंच बाहेर ठेवली होती.

आता ते ‘हजारो कोट्यधीश’. हा आकडा हेन्ली अँड पार्टनर्स या कंपनीच्या अहवालांतून येतो. श्रीमंतांना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व किंवा निवासाचा परवाना मिळवून देणं हा या कंपनीचा धंदा आहे. कोट्यधीश पळताहेत ही बातमी म्हणजे तिच्या मालाची जाहिरात, हे आधी लक्षात घ्या. तरी आकडे तिचेच धरू. भारतातून, येणारे वजा करून, २०२२ मध्ये ७,५०० जण गेले, २०२३ मध्ये ५,१००, आणि २०२४ साठीचा अंदाज होता ४,३००. यात कोट्यधीश म्हणजे गुंतवता येण्याजोगे दहा लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं साधारण साडेआठ कोटी रुपये, गाठीशी असलेला माणूस. असे भारतात २०२४ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास होते, हेही तीच कंपनी सांगते. म्हणजे शंभरात एक-दोन. आणि जाणाऱ्यांपेक्षा नव्यानं कोट्यधीश होणारे जास्त आहेत, हेही तिनंच लिहिलंय. फॉरवर्ड करताना हे वाक्य गळतं.

मुख्य म्हणजे ही माणसं गेली त्या वर्षांत भारतात संपत्ती कर नव्हता. वारसा करही नाही, तो १९८५ मध्येच गेला. २०२३ मध्ये तर ५ कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, नव्या कररचनेत ३७ टक्क्यांवरून २५ वर आणला. जो कर लावलेलाच नाही त्याला घाबरून कोण कसं गेलं? मुलांचं शिक्षण, हवा, वजनदार पासपोर्ट, धंद्याचा विस्तार, अशी कारणं आमच्या ऑफिसात तरी ऐकू येतात. कितीतरी जण अमेरिका आणि ब्रिटनला जातात. तिथे मोठ्या इस्टेटीवर मृत्यूनंतर ४० टक्क्यांपर्यंत कर लागतो.

‘पैसा जाईल’ यावर एका अशिलाचं उदाहरण देते. भोसरीत कारखाना, दुबईचा गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे दीर्घकाळ राहायचा परवाना. दर मार्चमध्ये ते पासपोर्ट पाठवतात. मी पानांच्या झेरॉक्स काढून शिक्क्यांच्या तारखा पेन्सिलीनं मांडते : आले कधी, गेले कधी, इथे दिवस किती भरले. पूर्वी इथे १८२ दिवसांहून कमी राहिला की माणूस करासाठी अनिवासी ठरायचा, मग त्याच्या बाहेरच्या कमाईवर इथे कर नाही. २०२० पासून भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर अशा बऱ्याच जणांना १२० दिवस पाहावे लागतात. एका वर्षी त्यांनी विचारलं, "ताई, एवढं मोजून माझा कर वाचतो किती?" कारखान्याचा नफा भोसरीत, त्यावर कर इथेच. गाळ्याचं भाडं इथलं, कर इथेच. बाजारातले शेअर विकले तरी नफ्यावर कर इथेच. वाचला तो फक्त बाहेरच्या कमाईवरचा.

माणूस विमानात बसतो, कारखाना बसत नाही. जुन्या संपत्ती कराच्या कायद्यातही परदेशी राहणाऱ्याची भारतातली मालमत्ता धरली जायची. आणि सगळं विकून पैसा न्यायचा म्हटलं, तर अनिवासी माणसाला असा पैसा रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच नेता येतो. पाचशे कोटी न्यायला पन्नास वर्षं पुरायची नाहीत.

जिथे जाणं याहून कितीतरी सोपं आहे तिथे काय झालं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०२३ पासून दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लावला. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. पासपोर्ट नको, व्हिसा नको, तासाभराचा रस्ता. २०२४ च्या आर्थिक वर्षात या करातून एक अब्ज डॉलर येतील असं धरलं होतं, आले दोन अब्जांहून जास्त. शाळेतल्या सगळ्या मुलांच्या मोफत जेवणाला त्यातला पैसा लागला.

कोणीच जात नाही असं मी म्हणत नाही. नॉर्वेनं संपत्ती कर वाढवला तेव्हा तिथल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, शेल इंगे रोके, २०२२ मध्ये स्वित्झर्लंडला लुगानोला गेले. त्यांच्यामागे आणखीही गेले. तरी नॉर्वेनं कर सोडला नाही, उलट देश सोडणाऱ्यांचे नियम आवळले. अमेरिकेतही २००८ पासून मोठा श्रीमंत नागरिकत्व सोडतो तेव्हा त्याची सगळी मालमत्ता त्या दिवशी विकली असं धरून नफ्यावर कर घेतात. भारत सोडून जाणाऱ्या माणसावर असा कर नाही. ज्यांना पळून जाण्याची काळजी वाटते त्यांनी ही तरतूद मागावी. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारतासाठी मांडलेला २ टक्के संपत्ती कराचा प्रस्ताव १० कोटी रुपयांच्या वरच्या संपत्तीसाठी आहे, दहा हजार प्रौढांमागे चौघांसाठी. आमच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली अंगठे टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांची विवरणपत्रं मीच भरते. त्या चौघांत त्यांच्यातला एकही नाही.