चोवीस तासांत डिलीट केलं की माफ? जुन्या गेम्सच्या त्या फॉरवर्डला उत्तर

धाकट्या भावाचं कराडला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. रविवारी त्याचा फोन आला, "ताई, तुझ्या माळ्यावरचे दोन जुने मॉनिटर भंगारात देऊ नकोस, मला हवेत." कशाला, तर सुट्टीत पोरांना मारिओ आणि कॉन्ट्रा हे जुने टीव्ही गेम खेळायला देणार. पंधरा मिनिटांचे वीस रुपये. आणि हे सगळं शंभर टक्के कायदेशीर, कारण तसा मेसेज आलाय! पाठोपाठ तो मेसेज मलाही आला.

तुम्हालाही आला असेल. वर 'नव्वदच्या दशकातल्या मुलांसाठी खुशखबर', खाली एक लिंक, मग मुद्दे. वीस वर्षांनंतर गेमचा कॉपीराइट संपतो. ब्राउझरमध्ये खेळलं तर डाउनलोड होत नाही, म्हणून कायदा लागत नाही. लहानपणी घरी कॅसेट होती तर गेम कायमचा तुमचा. तरी शंका असेल तर चोवीस तासांत डिलीट करा. अमेरिकेच्या कोर्टाने एम्युलेटर (म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) कायदेशीर ठरवलाय. इंटरनेट अर्काइव्ह या साइटवरही हेच गेम आहेत. आणि शेवटी: 'बिनधास्त खेळा, दुकानात लावा, चार पैसे कमवा.'

मी वकील नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

वीस वर्षांचं आधी उरकते. वीस वर्षं ही पेटंटची मुदत. जुन्या यंत्रांच्या आतल्या रचनेची पेटंटं संपली हे खरं, पण गेम म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, आणि आपल्या कायद्यात प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. मुदत लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं. मारिओ आला १९८५ मध्ये आणि त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो अजून काम करतात. मोजणी सुरूच झालेली नाही.

आता 'डाउनलोड होत नाही'. यावर भाऊ फारच ठाम होता, म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला लावली. लिंक उघड, एफ-१२ दाब, नेटवर्कच्या टॅबवर जा, पान रिफ्रेश कर. यादीत खाली एक फाइल आली, नावाच्या शेवटी एनईएस, म्हणजे मारिओच्या मूळ यंत्राचं नाव. हाच तो मारिओ, अख्खा गेम ४०,९७६ बाइट्सचा. तुम्ही मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या पन्नासपट मोठा असतो. इतकी चिमुकली फाइल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उतरते, म्हणून 'काही उतरलंच नाही' असं वाटतं. मग म्हटलं, आता वाय-फाय बंद कर. केलं. मारिओ आपला उड्या मारतोच आहे! गेम दूर कुठल्या सर्व्हरवर चालत असता तर तिथेच थिजला असता. एम्युलेटरही तुमच्या ब्राउझरमध्ये, गेमही तुमच्याच मेमरीत. 'सेव्ह ॲज' दाबलं नाही म्हणून प्रत झाली नाही, असं कसं?

चोवीस तासांचा नियम तर निव्वळ थाप आहे. फुकट रॉम, म्हणजे गेमच्या फाइल्स, वाटणाऱ्या साइट्स वर्षानुवर्षं तळाला ही ओळ छापत आल्या आणि वाचून वाचून लोकांना तो कायदा वाटायला लागला. असं कलम आपल्याकडे नाही आणि अमेरिकेतही नाही. शेजारच्याची सायकल संध्याकाळी परत ठेवायची म्हणून सकाळी न विचारता न्यायची, तसला हा प्रकार.

कॅसेटच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. कलम ५२ म्हणतं की ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याने ती हरवली-बिघडली तर असावी म्हणून बॅकअप घेतला तर गुन्हा नाही. शब्द नीट वाचा. कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रतीचा बॅकअप. कुणा भलत्यानेच इंटरनेटवर टाकलेली प्रत उतरवून घेणं त्यात बसवणं अवघड आहे.

आणि आपल्या घरी कसली कॅसेट होती रे? पिवळी, वर '९९९९९९ इन १' असं छापलेलं. आत मोजून सात-आठ गेम, तेच फिरून फिरून, कुठे मारिओ दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे नुसता रंग बदललेला. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. बाबांनी यंत्रासकट ती कोल्हापूरच्या फुटपाथवरून आणली होती. ती कॅसेटच मुळात चोरीचा माल! महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत 'टीव्ही गेम' म्हणून जे यंत्र आलं ते जपानी यंत्राची नक्कल होतं. त्या कॅसेटच्या जोरावर हक्क सांगणं म्हणजे खोट्या सातबाऱ्यावर कर्ज मागणं.

एम्युलेटर कायदेशीर, हे बरोबर आहे. सोनीने कनेक्टिक्स नावाच्या कंपनीवर दावा लावला होता. तिने मॅक कॉम्प्युटरवर सोनीच्या प्लेस्टेशन या यंत्राचे गेम चालवणारा प्रोग्रॅम काढला होता. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. (हरलेल्या सोनीने पुढच्या वर्षी तो प्रोग्रॅमच विकत घेऊन बंद केला, ही गंमत वेगळी.) पण तो निकाल यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आहे, गेमच्या प्रतीबद्दल नाही. टेपरेकॉर्डर कायदेशीर आहे म्हणून प्रत्येक कॅसेट कायदेशीर होत नाही.

इंटरनेट अर्काइव्हचं म्हणाल तर ती जतन करणारी संस्था आहे, तिथे आहे म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. पुस्तकं स्कॅन करून उसनी देण्याच्या खटल्यात तिलाही २०२४ मध्ये अपिलात हार पत्करावी लागली.

आता शेवटची ओळ. तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले. 'दुकानात लावा, चार पैसे कमवा.'

कलम ६३-ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल, तर खास कारणं नोंदवून कोर्ट कैद टाळू शकतं आणि फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरी बसून खेळणाऱ्यासाठी कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. पंधरा मिनिटांचे वीस रुपये घेतले की ती खिडकी बंद. 'कॉम्प्युटर'ची व्याख्याही इतकी मोठी आहे की मोबाइलसुद्धा सुटत नाही.

घरी मारिओ खेळणाऱ्याच्या दारात उद्या पोलीस येतील असं मी म्हणत नाही. कंपन्या सहसा वाटणाऱ्यांच्या आणि कमावणाऱ्यांच्या मागे लागतात. अमेरिकेत रॉमची साइट चालवून वर्षाला तीस डॉलर वर्गणी घेणाऱ्या एकाला २०२१ मध्ये कोर्टाने मारिओच्या कंपनीला, निन्टेन्डोला, एकवीस लाख डॉलर द्यायला लावले. गडी स्वतःच स्वतःचा वकील झाला होता. आमच्या भावाला तेवढा फटका बसणार नाही, पण दुकान भाड्याचं आहे आणि मालक आधीच कुरकुरतोय.

एक गोष्ट कंपन्यांनाही ऐकवायला हवी. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. पैसे घेऊन दुकानात जावं तर मालच नाही, अशा वेळी माणूस आडवाटेला लागला तर नवल नाही. पण भावाचा कॉन्ट्रा त्या ८७ टक्क्यांतला नाही. कॉन्ट्राच्याच कंपनीने, कोनामीने, २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा संच काढला, कॉम्प्युटरसाठीसुद्धा. तो विकत घेऊन घरी खुशाल खेळ म्हटलं. दुकानात भाड्याने लावायचा नाही, प्रोग्रॅम भाड्याने देण्याचा हक्कही मालकाचाच.

मॉनिटर माळ्यावरच आहेत. मेसेज त्याने तीन ग्रुपवर पाठवला होता, त्यातला एक दुकानाच्या गिऱ्हाइकांचा. सगळ्यांकडून डिलीट करायची मुदत निघून गेली होती. तर आता त्याच तीन ग्रुपवर हे टाक, असं त्याला सांगितलंय. काल रात्री निळ्या टिका दिसल्या, पण अजून टाकलेलं नाही.