मणक्यातली गाठ एरंडेलाने विरघळत नाही

रामबागेतल्या आमच्या आत्याच्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी ‘सायनोव्हियल सिस्ट’ निघाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड आला. त्यात लिहिलं होतं: ही गाठ म्हणजे कॅन्सरची सुरुवात. एरंडेल चोळून पहिलवानाकडून कंबर बसवून घेतली की २१ दिवसांत विरघळते. इंजेक्शनं फक्त पैसे उकळायला. ऑपरेशन केलं की पाय जातात. इंदूरच्या आमच्या प्रत्येक नातेवाइकाकडे तो फिरतोय.

कॅन्सरचा इथे काही संबंध नाही. मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे, म्हणजे फॅसेट जॉइंट, वयाबरोबर झिजतात. त्यांच्या अस्तराला फुगवटा येतो, आत सांध्यातलंच पाणी असतं. बस.

संताप येतो तो पहिलवानाच्या सल्ल्याचा. तेल लागतं कातडीला. गाठ असते पाठीचे जाड स्नायू आणि हाडाची कमान यांच्याही आत, नसेला खेटून. तिथवर तेल पोचणार कसं? त्यात अशा गाठीबरोबर पुष्कळदा तो मणकाही पुढे सरकलेला असतो. आत्याच्या रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. अशा बाईला पालथी झोपवून, कमरेत गुडघा रोवून झटका द्यायचा? वय ६८, हाडं ठिसूळ! हे लिहून पाठवणाऱ्याने तिचा रिपोर्ट तरी पाहिला होता का?

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, हे मान्य. काही गाठी आपोआप जिरतात, हेही खरं, पण क्वचित. त्याचं श्रेय एरंडेलाला द्यायचं कारण नाही.

इंजेक्शनचं म्हणाल तर २००९ साली ‘द स्पाइन जर्नल’मध्ये १०१ रुग्णांचा अभ्यास आला. सांध्यात सुई घालून गाठ फोडायचा प्रयत्न ८१ टक्के जणांत साधला. पुढे ५४ टक्के जणांना ऑपरेशन लागलंच. म्हणजे हमखास इलाज नाही, पण जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन टळलं. याला लूट कसं म्हणायचं?

ऑपरेशनला धोके आहेत, ते सर्जनला विचारून घ्यावेत. पण ते करतात नसेवरचा दाब काढायला. पाय जायची भीती दाब तसाच राहू देण्यातही आहे. पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. २१ दिवस मोजत बसू नका.