वजीर राहू द्या, घोड्याबद्दल बोलू

‘ऑपेरातल्या डावाचं एवढं कौतुक कशाला? समोर दोन हौशी उमराव, तेही मध्येच गाणं ऐकणारे. आणि पुढच्याच खेळीत मात दिसत असताना वजीर दिला, तर त्याला बळी कसं म्हणायचं?’ पॉल मॉर्फी या अमेरिकन बुद्धिबळपटूने ऑपेरागृहात खेळलेल्या प्रसिद्ध डावावर मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ मी असा घेतला. (बळी म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम दिलेला मोहरा.)

दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. सोळाव्या खेळीत मॉर्फीचा पांढरा वजीर बी-८ वर (अक्षर पटावरची उभी पट्टी सांगतं, आकडा आडवी रांग) शह देतो, घोड्याने तो मारण्यावाचून काळ्याला दुसरी खेळीच नाही, आणि हत्ती डी-८ वर येऊन मात. हे दिसायला मॉर्फी असावं लागत नाही. त्या लेखाच्या मथळ्यात वजीर मिरवला ती माझी हौस.

उमराव हौशी होते हेही खरं. १८५८ सालचं पॅरिस; एकीकडे ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर सल्लामसलत करून खेळताहेत, दुसरीकडे २१ वर्षांचा मॉर्फी. पण जरा आठव्या खेळीपाशी थांबा. बी-७ वरचं प्यादं आयतं मिळत होतं. वजिराने ते मारलं असतं, तर काळ्याने आपल्या वजिराने बी-४ वरून शह देऊन वजिरावजिरी केली असती आणि एका प्याद्याच्या जोरावर डाव रेटत नेता आला असता. मी तेच केलं असतं, बहुधा तुम्हीही. त्याने प्यादं सोडलं आणि घोडा बाहेर काढला.

खरा बळी दहाव्या खेळीतला. दोन प्याद्यांसाठी तोच घोडा दिला, तेव्हा मात कुठेही नजरेत नव्हती. दिसत होतं ते एवढंच, की काळा राजा पटाच्या मधोमध अडकलाय आणि त्याच्या वजिराने स्वतःच्याच उंटाची वाट अडवलीये. मग वजिराच्या बाजूला कॅसलिंग (एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं), एक हत्ती डी-७ वर खर्ची, लगेच दुसरा त्याच पट्टीत हजर. मात झाली तेव्हा पांढऱ्याकडे प्याद्यांखेरीज एक हत्ती आणि एक उंटच उरला होता. काळ्याचा एफ-८ वरचा उंट आणि एच-८ वरचा हत्ती मात सबंध डावात जागचे हलले नव्हते!

नवव्या खेळीत प्यादं बी-५ वर ढकलणं ही काळ्याची घोडचूक, यावर आपलं दुमत नसावं. त्याऐवजी मला वजीर सी-७ वर घेणं त्यातल्या त्यात बरं वाटतं. उंटाला वाट तरी मिळते. तुम्ही काय खेळला असता?