अंबाबाई काळ्या पाषाणाची, मग देवी लूक गोराच का?

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात देवी लूकच्या, म्हणजे पोरींना देवीसारखं सजवून फोटो काढायच्या शूटची गडबड सुरू होते आणि पाठोपाठ देवाचा बाजार मांडलाय म्हणणारेपण येतात. मी मेकअप करते, मला हे अजिबात पटत नाही. अहो आपल्या अंबाबाईची रोज अलंकार पूजा बांधतात, नवरात्रात तर रोज वेगळं रूप, मूर्ती तीच पण साडी, दागिने, आयुधं, सगळी मांडणी बदलून श्रीपूजक वेगळीच देवी उभी करतात आणि आज कुठल्या रूपात पूजा बांधलीय हे बघायला आपण रांगा लावतो. रंगानं, साजानं देवी उभी करणं ही आपल्याच गावची कला आहे, मी तेच चेहऱ्यावर करते.

माझं दुखणं वेगळंच आहे. देवी करायची म्हटलं की आधी पोरीला गोरं करतात. सावळ्या पोरीला दोन-तीन शेड उजळ फाउंडेशन थापायचं, मग चेहरा राखेरी दिसतो, मान वेगळी, हात वेगळे, आणि ते झाकायला वर अजून पावडर. त्याच पोरीला तिच्या रंगाचाच बेस लावा, डोळ्याखाली जरा केशरी करेक्टर, आणि मग कपाळभर मळवट भरा. सावळ्या कातडीवर लाल आणि पिवळा काय उठून दिसतो हो! गोऱ्या बेसवर तो जोर येतच नाही.

हे गोरं रूप आलं कुठनं? माझ्या मते छापील चित्रांतनं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेल्या, पुढं कॅलेंडरवाल्यांनी तेच चालवलं. चित्रं सुंदरच आहेत, पण देवी अशीच असते हे डोक्यात बसलं ते बसलंच. २०१७ मध्ये चेन्नईत नरेश नील आणि भारद्वाज सुंदर यांनी ‘डार्क इज डिव्हाइन’ फोटो मालिका केली, सावळ्या मॉडेल घेऊन देव-देवी, बघाच एकदा. क्रीमवाल्यांनीसुद्धा २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढलं, आपण अजून तिथंच.

आणि बाईपण म्हणाल तर यल्लम्माचे जोगते बघा. पुरुष म्हणून जन्मलेले, पण अंगावर लुगडं, हातात हिरवा चुडा, गळ्यात कवड्यांची माळ, तोंडाला भंडारा, डोक्यावर जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली. उन्हात रापलेल्या तोंडावर नुसतं हळदकुंकू आणि समोरची म्हातारी वाकून पाया पडते. तिथं गोरेपणाचा काय संबंध?

म्हणून पोरींनो, यंदा शूटला बसाल तेव्हा फाउंडेशन आधी मानेवर लावून बघायला सांगा, शेड जुळली तरच पुढचा मेकअप करून घ्या. करणारी ऐकत नसेल तर सरळ उठून या.