‘कोणी सांगितलं नसताना तुम्ही काय केलंत?’

मुलाखतीत हा प्रश्न आला, की नेमणूकपत्रातच लिहिलेलं काम निवडा. टेस्टिंगसाठी नेमलेल्या माणसाने बग शोधला, याहून मोठा पुढाकार कोणता? एकच गोष्ट वरचढ: ‘मॅनेजर म्हणाले पुढाकार घे, म्हणून घेतला.’

मग उत्तर मांडायची स्टार पद्धत. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. उत्तर दोन-तीन मिनिटांचं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कृतीला, असं जाणकार सांगतात. तुम्ही नमनाला घडाभर तेल जाळा. टीमची रचना, जुन्या सिस्टिमचा इतिहास, तिच्या आद्याक्षरांची फोड. अडीच मिनिटं सरली, की ‘मग आम्ही ते सोडवलं’ म्हणून मोकळे व्हा.

‘आम्ही’ मात्र सोडू नका. समोरचा विचारेल, ‘त्यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?’ म्हणजे त्याच्या कागदावर कृतीची जागा अजून कोरी आहे. राहू द्या. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, की थेट दुसरं टोक गाठा: डिझाइन मी, कोड मी, ग्राहकाची समजूतही मीच काढली. यावर ‘दुसरा कोणता पर्याय होता, तो का नाकारलात?’ असं येतं. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ कसं खणलं ते ठाऊक नसतं, पाणी मागा.

धाडसही दिसलं पाहिजे. रात्री अकराला थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू सिस्टिमवर, बदल चढवला, कोणाला कळवलं नाही, मागे घ्यायची सोय ठेवली नाही, हे छाती फुगवून सांगा. अ‍ॅमेझॉनच्या 16 नेतृत्वतत्त्वांत झटपट कृतीचं कौतुक आहेच. बरेच निर्णय मागे फिरवता येतात म्हणून फार अभ्यास लागत नाही, असं कारण आणि जोखीम तोलूनमापून घ्यावी अशी पुस्तीही तिथेच आहे. तिथवर वाचायची गरज नाही.

परिणाम एका दमात: ‘कार्यक्षमता 40 टक्क्यांनी वाढली.’ कशाची, आधी किती होती, मोजली कोणी, हे गुलदस्त्यात. ‘रोज 3 तास खाणारा रिपोर्ट 20 मिनिटांत होऊ लागला, मी रजेवर असतानाही’ असलं तपासता येणारं वाक्य निसटलं, तर समोरचा लगेच लिहून घेतो. जपा.

अपयशाच्या प्रश्नाला खापर आधीच शोधून ठेवा. पुरवठादार उत्तम, कारण तो खोलीत नसतो. ‘तारीख घसरतेय हे मला सोमवारी दिसलं, मी शुक्रवारी सांगितलं’ असं कबूल केलंत, तर ‘आता काय वेगळं करता?’ हे ठरलेलंच. त्याला ‘संवाद सुधारला’ म्हणून भागत नाही. धोका दिसला त्याच दिवशी कोणाला, काय लिहून कळवता, ते सांगावं लागतं. एवढ्या खोलात कशाला शिरायचं?

शेवटी ते विचारतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ संधी दवडू नका: ‘या पदावर सांगितल्याशिवाय काही करावं लागतं का?’